आँटींच्या पुड्या, सासूबाईंच्या गोळ्या आणि सातवा आठवडा

प्रश्न

डॉक्टर ताई, मी ३३ वर्षांची, मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या सिंगापूरला असते. दोनदा आपोआप गर्भपात झाला, एकदा सातव्या आणि एकदा नवव्या आठवड्यात. आता पुन्हा दिवस गेलेत, सातवा आठवडा चालू आहे. मागच्या आठवड्यात दोन दिवस तपकिरी डाग दिसले. सोनोग्राफीत ठोके दिसले. डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोनचं औषध सुरू केलं आणि पुढच्या गुरुवारी बोलावलं आहे.

शेजारी एक चिनी आँटी राहतात, फार मायेच्या आहेत. त्यांच्या मुलीलाही असेच डाग दिसत होते, तेव्हा ओळखीच्या औषधाच्या दुकानातल्या पुड्यांनी गर्भ टिकला, असं त्या सांगतात. त्यांनी मलाही तशाच पुड्या आणून दिल्या. तीन वाट्या पाण्याची एक वाटी होईपर्यंत उकळायचं. मी चार दिवस घेतलं. नवऱ्याला ते आवडलेलं नाही. डॉक्टरांना सांगितलेलं नाही, रागावतील अशी भीती वाटते. इकडे सासूबाईंनी कुणाबरोबर तरी गर्भपाल रसाच्या गोळ्या पाठवल्यात, त्या अजून उघडल्या नाहीत. आम्ही शाकाहारी आहोत. काढा चालू ठेवू का? आणि खरं सांगा, माझंच काही चुकलं असेल का? दुसऱ्या वेळी मी सामानाच्या जड पिशव्या उचलून आणल्या होत्या. मला मुलीसारखं समजून लिहा.

तुमची, स.

उत्तर

प्रिय स.,

काढा आज थांबव. सासूबाईंच्या गोळ्या उघडूच नकोस. डॉक्टरांनी दिलेलं प्रोजेस्टेरॉन, फॉलिक अॅसिड आणि आणखी जे काही लिहून दिलं असेल ते तसंच चालू ठेव, त्यात आपल्या मनाने फरक करू नकोस. गुरुवारची वाट न बघता उद्याच दवाखान्यात फोन करून 'मी चार दिवस चिनी औषधी काढा घेतला आहे' एवढं एक वाक्य सांग. उरलेल्या पुड्या फेकू नकोस, त्या लागणार आहेत. कशासाठी, ते पुढे सांगते. चार दिवसांच्या काढ्याने बाळाला काही झालं असेल असं धरून मात्र रडत बसू नकोस. तसं मानायला तुझ्या पत्रात एकही कारण नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्यातूनच आलेत असं मला पत्र वाचताना वाटलं.

पिशव्या उचलल्याने गर्भ पडत नाही. जिना चढल्याने, पपईची फोड खाल्ल्याने, रात्री जागल्याने, नवऱ्याशी भांडण झाल्यानेही नाही. दिवस गेल्याचं कळलेल्या दर १०० बायकांपैकी १० ते २० जणींचा गर्भ आपोआप पडतो, आणि त्यातले बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांतच. या सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याहून जास्त वेळा गर्भाच्या गुणसूत्रांची जुळणीच बिघडलेली असते. बहुतेक वेळा बीज किंवा शुक्राणू तयार होतानाच एखादं गुणसूत्र जास्त येतं नाहीतर कमी पडतं, आणि तो गर्भ ठरावीक टप्प्यापुढे वाढूच शकत नाही. यात ना तुझा दोष असतो ना नवऱ्याचा. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. डाग दिसायला लागतात त्याच्या कितीतरी दिवस आधीच अशा गर्भाची वाढ थांबलेली असते. तू ज्या दिवशी पिशव्या उचलल्यास, त्या दिवशी बहुधा सगळं होऊन गेलेलं होतं. हे वाचताना दुःख होईल, पण स्वतःला दोष देत राहण्यापेक्षा हे दुःख बरं.

हे आधी सांगण्याला कारण आहे. 'गर्भ टिकवण्याचं औषध' ही कल्पनाच मुळी असं धरून चालते की गर्भ चांगला होता, पण धरून ठेवणारं शरीर कमी पडलं. चिनी वैद्यक असो, आपलं आयुर्वेद असो, नाहीतर आजीबाईचा बटवा असो, सगळीकडे हा समज आहे, आणि कुठेच तो पूर्ण चुकीचा नाही. काही बायकांमध्ये खरोखरच आईच्या शरीरात कारण असतं. पण ते कारण शोधल्याशिवाय 'टिकवणारं' औषध देणं म्हणजे अंधारात हात मारणं.

तुझ्या पुड्यांत नेमकं काय आहे ते मला इथून कळणार नाही, आणि बहुधा आँटींनाही माहीत नसेल. पण या कामासाठी चीनमध्ये, तैवानमध्ये आणि तुमच्याकडे सिंगापूर-मलेशियात कोणते काढे चालतात ते ठाऊक आहे. सगळ्यांत प्रसिद्ध योगांपैकी, म्हणजे औषधांच्या ठरलेल्या मिश्रणांपैकी, एक म्हणजे शोउ ताय वान. झांग शीचुन नावाच्या वैद्यांनी तो बसवला. त्यांचा काळ १८६० ते १९३३, म्हणजे वाटतो तितका हा योग प्राचीन नाही. त्यात चारच द्रव्यं असतात. एक तूसझ, म्हणजे आपल्या अमरवेलीच्याच कुळातल्या वेलीच्या बिया. दुसरं सांगजीशंग, तुतीच्या झाडावर वाढणारं बांडगूळ. तिसरं शूद्वान हे मूळ. चौथं अजिआओ. झांग शीचुन यांनी बांडगुळाचं कारण मोठं सुंदर दिलं आहे. बांडगुळाची मुळं जमिनीत नसतात. ते झाडाला धरून जगतं आणि कडाक्याच्या थंडीतही हिरवं राहतं. गर्भही आईच्या पोटात तसाच धरून असतो, म्हणून हे द्रव्य गर्भाला बळ देईल, असं त्यांचं म्हणणं. विचार म्हणून मला तो फार आवडतो. पण झाडाच्या फांदीवर काय घडतं त्यावरून गर्भाशयात काय घडेल ते ठरत नाही, त्यासाठी बायकांवर नीट अभ्यास करूनच बघावं लागतं.

चौथ्या द्रव्याबद्दल तुला कुणी सांगितलेलं नसणार. अजिआओ म्हणजे गाढवाचं कातडं उकळून केलेला डिंकासारखा चिकट पदार्थ, शांडोंग प्रांतातला दोंग-अ इथला नावाजलेला. त्याच्या तपकिरी चकचकीत वड्या असतात आणि त्या गरम काढ्यात विरघळवतात, त्यामुळे पुडीतल्या मुळ्या-सालींमध्ये त्या ओळखूही येत नाहीत. वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांच्या काही जुन्या योगांत हरणाच्या शिंगांचा असाच डिंक असतो, आणि पूर्वी वाळवलेली मानवी वार, म्हणजे बाळंतपणात बाळामागून पडते ती, तीसुद्धा वापरत. चीनच्या अधिकृत औषधसंहितेने २०१५ च्या आवृत्तीत वार वगळली. तू शाकाहारी आहेस, म्हणून हे तुला माहीत असलं पाहिजे. बाईला पोटात काय जातंय हे न सांगता तिच्या हातात वाटी देणं मला मुळीच मान्य नाही, मग ती वाटी कितीही प्रेमाने दिलेली असो.

आता याने गर्भ खरंच टिकतो का? आँटी खोटं बोलत नाहीत. त्यांच्या मुलीला डाग दिसले, तिने काढा घेतला, मूल झालं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण पहिल्या तिमाहीत डाग दिसलेल्या बायकांचं एरवी काय होतं ते बघ. २०१९ मध्ये इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अशा ४,१५३ गरोदर बायका होत्या. निम्म्यांना प्रोजेस्टेरॉन दिलं, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी, म्हणजे दिखाऊ औषध. ज्यांना औषध मिळालंच नाही, त्यांच्यापैकीही १०० मधल्या ७२ जणींना जिवंत बाळ झालं. म्हणजे डाग दिसलेल्या शंभर बायकांनी नुसतं साधं पाणी प्यायलं असतं तरी त्यातल्या सत्तरेक जणी पुढे 'त्या पाण्याने माझा गर्भ टिकला' असं शपथेवर सांगू शकल्या असत्या. ज्यांचा गर्भ पडला त्या काही शेजारणीला पुड्या वाटत फिरत नाहीत. त्यामुळे आपल्या कानावर येतात त्या फक्त टिकल्याच्या गोष्टी.

चिनी काढ्यांवर अभ्यास झालेच नाहीत असंही नाही. हाँगकाँगच्या चायनीज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये डाग दिसणाऱ्या गरोदर बायकांवरचे ४४ अभ्यास एकत्र करून तपासले. सगळ्या मिळून ५,१०० बायका होत्या. काढा आणि आधुनिक औषध दोन्ही घेतलेल्यांचा गर्भ नुसतं आधुनिक औषध घेतलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात टिकलेला दिसला. वाचायला छान वाटतं. पण त्या ४४ पैकी एकाही अभ्यासात काढ्याची तुलना 'काहीच न देण्याशी' किंवा नुसत्या दिखाऊ औषधाशी केलेली नव्हती, आणि अभ्यासांचा दर्जा एकूणच कमी होता. कारण सापडत नसलेल्या वारंवार गर्भपातांवर २०१६ मध्ये असाच आढावा निघाला. त्यात जेमतेम नऊ अभ्यास आणि ८६१ बायका होत्या, आणि निष्कर्षावर भरवसा ठेवावा इतका दर्जा तिथेही नव्हता.

एक अभ्यास मात्र मी आदराने सांगते, कारण तो नीट केलेला आहे. ग्वांगझोऊचे नामवंत स्त्रीरोग-वैद्य ल्वो युआनकाय यांच्या योगावरून केलेली एक गोळी आहे, झशन यूताय. टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेणाऱ्या २,२६५ बायकांवर ती दिखाऊ गोळीशी तुलना करून तपासली आणि २०२२ मध्ये निकाल आला. जिवंत बाळ होण्याचं प्रमाण गोळीच्या गटात जवळपास २७ टक्के, दुसऱ्या गटात २३ टक्के. फरक लहान आहे, पण आहे. तरीही तुझ्यासाठी त्याचा अर्थ काय? ती ठरलेल्या प्रमाणात कारखान्यात बनवलेली गोळी होती, त्या बायका डॉक्टरांच्या देखरेखीखाली होत्या, आणि त्यांचा प्रश्न तुझ्याहून वेगळा होता. दुकानातल्या पुडीला त्या अभ्यासाचा आधार देता येत नाही. या वैद्यकात कामाचं काही असेलही, मी ते नाकारत नाही. पण तुझ्या हातातली पुडी ही ती नव्हे.

धोक्याकडे येते. तैपेईत १९८० च्या दशकात गरोदर बायकांना कोणकोणती औषधं घेतली ते विचारून ठेवलं होतं, आणि २००६ मध्ये साडेचौदा हजारांहून अधिक जन्मांची ती माहिती प्रसिद्ध झाली. पहिल्या तिमाहीत 'आन ताय यिन', म्हणजे गर्भ शांत राहावा म्हणून घ्यायचा काढा, घेतलेल्या बायकांच्या मुलांत हाडा-स्नायूंचे आणि डोळ्यांचे जन्मजात दोष थोडे जास्त आढळले. ह्वांगल्यान या कडू मुळीचा संबंध मेंदू-मज्जासंस्थेच्या दोषांशी दिसला. यावरून काढ्यानेच दोष झाले असं सिद्ध होत नाही. असे काढे घेतात त्या बायकांना बहुधा आधीच काहीतरी त्रास होत असतो, हेही कारण असू शकतं. पण ज्याला पिढ्यान् पिढ्या 'गर्भासाठी सुरक्षित' म्हटलं त्याबद्दल हा प्रश्न उभा राहतो, एवढंच मला थांब म्हणायला पुरेसं आहे. त्याच ह्वांगल्यानवर नवजात बाळांच्या काविळीच्या भीतीने सिंगापूरने १९७८ मध्ये बंदी घातली होती. ती पुढे कित्येक वर्षांनी टप्प्याटप्प्याने उठवली.

शिवाय अशा काढ्यांत पुष्कळदा डांगग्वेई असते. ही मुळी रक्त पातळ करण्याच्या बाजूची आहे. उद्या तपासण्यांमध्ये काही निघालं आणि डॉक्टरांनी अॅस्पिरिन किंवा हेपॅरिनची इंजेक्शनं सुरू केली, तर त्यावर हा काढा घेणं रक्तस्रावाला आमंत्रण ठरू शकतं. डॉक्टरांना ठाऊकच नसेल तर त्या सांभाळणार तरी कशा? म्हणून मला काढ्यापेक्षा जास्त काळजी लपवण्याची वाटते.

द्रव्य ओळखण्यातही चुका होतात, आणि त्या साध्या नसतात. १९९० च्या सुमारास ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्यासाठी बायकांना दिलेल्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी जवळपास त्याच नावाची दुसरी विषारी मुळी गेली. शंभराहून अधिक जणींची मूत्रपिंडं कायमची बिघडली. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने एवढं झालं.

आणि खुद्द चिनी वैद्यकाचा नियम काय सांगतो तेही ऐक. चांगला चिनी वैद्य नाडी बघतो, जीभ बघतो, झोप, भूक, पाळी यांची चौकशी करतो आणि मग त्या एका बाईसाठी औषध लिहितो. एकीला मूत्रपिंडाची शक्ती कमी आहे म्हणेल, दुसरीला रक्तात उष्णता आहे म्हणेल, आणि दोघींचे काढे वेगळे असतील. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईवर तर उपचार दिवस राहायच्या आधीपासून करावेत असं ते सांगतात. गरोदरपणात कोणती द्रव्यं पूर्ण वर्ज्य आणि कोणती जपून वापरायची, याच्या याद्या त्यांच्या औषधसंहितेत आहेत. कस्तुरी, करडईची फुलं, रक्त हलवणाऱ्या कितीतरी मुळ्या त्यात येतात. आँटींच्या मुलीसाठी बांधलेली पुडी तुला देणं त्यांच्याच शास्त्रात बसत नाही. हे तू आँटींना सांगितलंस तर त्या मान डोलावतील, बघ.

आता सासूबाईंच्या गोळ्या. इथे मी जास्त कडक बोलणार आहे, कारण हे आपल्या घरचं आहे. गर्भपाल रस हा रसौषधीचा, म्हणजे धातू-खनिजं घातलेल्या आयुर्वेदिक औषधाचा प्रकार. त्यात हिंगूळ असतो, म्हणजे पाऱ्याचं खनिज. नाग भस्म असतं, म्हणजे शिशाचं. वंग भस्म, म्हणजे कथलाचं. शिसं वारेतून थेट बाळापर्यंत जातं. ते आईच्या हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं आणि बाळाच्या वाढत्या मेंदूला इजा करतं. गर्भपाताचा धोकाही ते वाढवतं, म्हणजे ज्या भीतीने गोळी घ्यायची, तीच भीती ती खरी करू शकते. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं धोकादायक पातळीवर सापडलं. त्या सगळ्या भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या, आणि त्या औषधांच्या यादीत गर्भपाल रसही होता. 'शुद्ध केलेलं आहे', 'भस्म झालं की विष राहत नाही' हे मी सांगली-कोल्हापुरातही ऐकते आणि मुंबईतही. मला ते पटत नाही. गर्भारपणात शिशाची अमुक मात्रा चालते असं मी कुणालाही सांगणार नाही. यापूर्वीच्या दोन गरोदरपणांत या किंवा अशा गोळ्या घेतल्या असशील, तर तेही डॉक्टरांना सांग आणि रक्तातलं शिसं तपासून घे. साधी रक्ताची तपासणी असते.

मग करायचं काय? बरंच काही करता येतं. तुझ्या डॉक्टरांनी दिलेलं प्रोजेस्टेरॉन उगाच दिलेलं नाही. वर सांगितलेल्या इंग्लंडच्या अभ्यासात सरसकट सगळ्यांना त्याचा फारसा फायदा दिसला नाही. पण ज्यांना आत्ता डाग दिसताहेत आणि आधीही गर्भपात झालेला आहे, त्यांच्यात फरक पडला. १०० मागे ७० ऐवजी ७५ जणींना बाळ झालं, आणि तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्यांत ५७ ऐवजी ७२ जणींना. त्यानंतर २०२१ मध्ये इंग्लंडच्या आरोग्य मार्गदर्शिकेत ते आलं. तू नेमकी याच गटात बसतेस.

दोन गर्भपातांनंतर 'असं होतं, पुन्हा प्रयत्न करा' एवढ्यावर थांबायची आता गरज नाही. गुरुवारी स्पष्ट विचार, 'माझ्या तपासण्या कधी करायच्या?' पहिली तपासणी रक्त गोठवणाऱ्या प्रतिपिंडांची, अँटीफॉस्फोलिपिड असं तिचं नाव. हा दोष असेल तर अॅस्पिरिन आणि हेपॅरिन दोन्ही मिळून देतात आणि ते गरोदरपणाच्या सुरुवातीपासूनच द्यावं लागतं. म्हणून हा प्रश्न पुढे ढकलू नकोस. थायरॉइड आणि साखर यांचंही विचार. गर्भाशयात जन्मतः पडदा आहे का, हे सोनोग्राफीत किंवा पुढे वेगळ्या तपासणीत बघतात. काही जोडप्यांत आई किंवा वडील पूर्ण निरोगी असतात, पण त्यांच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल झालेले असतात, म्हणून दोघांचंही रक्त तपासतात. नवऱ्याला बरोबर ने. तपासणी तुम्हा दोघांची आहे, एकट्या तुझी नाही, आणि हे त्याच्याही कानावर डॉक्टरांच्या तोंडून पडलेलं बरं. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर डाग दिसल्याचं सांगताना तेही आठवणीने सांग.

सगळ्या तपासण्या करून काहीच सापडलं नाही, असंही पुष्कळदा होतं. ती वाईट बातमी नसते. कारण न सापडलेल्या, तीन आणि त्याहून जास्त गर्भपात झालेल्या बायकांवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात दिखाऊ औषध मिळालेल्या बायकांपैकीही ६३ टक्क्यांना बाळ झालं. तुझे दोनच झालेत, आणि या वेळी ठोके दिसलेत. काळजी वाटणारच, ती मी काढून घेऊ शकत नाही, पण आकडे तुझ्या बाजूचे आहेत.

दिवसभर पलंगावर पडून राहू नकोस. त्याने गर्भ टिकतो असं कुठल्याही नीट अभ्यासात दिसलेलं नाही, उलट मन जास्त खचतं. घरातली नेहमीची कामं कर, चालत जा, जेव. वारंवार गर्भपात झालेल्या बायकांना दर आठवड्या-दोन आठवड्यांनी बोलावून सोनोग्राफी दाखवणं, त्यांचं ऐकून घेणं, कधीही फोन करायची मुभा देणं, एवढ्यानेही बरं वाटतं, असा नॉर्वेपासून इकडे बऱ्याच ठिकाणचा अनुभव आहे. तुझ्या डॉक्टरांकडे हे मागायला संकोच करू नकोस. 'मला खूप भीती वाटते, मधल्या काळात एकदा सोनोग्राफी करता येईल का?' असं विचारणाऱ्या बायका आम्हाला रोज भेटतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

डॉक्टर रागावतील, या भीतीबद्दल एक सांगते. सिंगापूरच्या डॉक्टरांना हे नवीन नाही. त्यांच्या स्वतःच्या आयांनी आणि आज्यांनी हेच काढे घेतलेले असतात. तिथे चिनी वैद्यांची नोंदणी २००० च्या कायद्याने होते, तयार चिनी औषधं सरकारी यादीत असावी लागतात, म्हणजे हा विषय तिथे उघड्यावर आहे. उरलेल्या पुड्या पिशवीत घालून घेऊन जा. कागदावर चिनी अक्षरं असतील तर तो कागद सर्वांत महत्त्वाचा. तुला ती वाचता येत नाहीत, पण दवाखान्यात वाचणारं कुणीतरी असणारच. दुकानाची पावती, आँटींनी फोनवर पाठवलेला निरोप, जे असेल ते दाखव. आणि पुढे कधी, हे बाळंतपण पार पडल्यावर, तुला चिनी उपचार घ्यावेसे वाटले, तर नोंदणीकृत वैद्याकडे जा, प्रत्येक द्रव्याचं नाव लिहून माग, आणि तो कागद तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. नाव न लिहिलेली पूड कुणाकडूनही घेऊ नकोस.

आँटींना दुखवायची गरज नाही. 'डॉक्टरांनी सध्या बाहेरचं काहीच घेऊ नको म्हणून सांगितलंय' म्हटलं की पुरे, आणि ते खरंही आहे, कारण मी डॉक्टरच आहे. त्यांची माया मात्र घे. पलंग हलवू नकोस, भिंतीत खिळा ठोकू नकोस, असं त्या गरोदर बाईला सांगत असतील तर ऐकून घे, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. लाल बोरं घालून केलेलं गोड पाणी, टोफूची भाजी असं घरचं जेवण त्यांनी आणलं तर आनंदाने खा. परक्या देशात दार वाजवून विचारपूस करणारं माणूस मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि या दिवसांत ते तुला हवंच आहे.

सासूबाईंशी तू बोलू नकोस, नवऱ्याला बोलू दे. त्याने एवढंच सांगावं, 'आई, त्या गोळ्यांत शिसं असतं, इथल्या डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलंय.' त्यांनीही काळजीपोटीच पाठवल्यात, त्यामुळे वाद घालू नका. पण गोळ्या घरात ठेवू नका. एखाद्या रात्री भीतीने हात तिकडे जाऊ शकतो. कचऱ्यातही टाकू नका, औषधाच्या दुकानात विचारून परत द्या.

या दिवसांत तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतकं अंगावरून गेलं, ओटीपोटात सहन होणार नाही अशी कळ आली, ताप आला किंवा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर गुरुवारची वाट बघू नकोस. केके वुमेन्स अँड चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये बायकांसाठीचा तातडीचा विभाग चोवीस तास उघडा असतो, सरळ तिथे जा. जाताना तुझ्या गोळ्यांची यादी आणि त्या पुड्यांचा कागद दोन्ही बरोबर असू दे.

गुरुवारी डॉक्टर काय म्हणाल्या, कोणत्या तपासण्या लिहून दिल्या, ते मला कळव. अहवाल आले की तेही पाठव. वाचून पुढचं लिहीन.